वहिनीकडचा एकच सल्ला

आमच्या शिरढोणीत सल्ला दिला की तो देणाऱ्याकडे उरत नाही. ज्याला दिला त्याच्याकडे जातो. शब्द आठवतात, बोलूनही दाखवता येतात, पण त्याप्रमाणे वागणं जमत नाही. एवढं साधं आहे, बाहेरगावच्या लोकांना उगाच नवल वाटतं.

पोरं कॉलेजला निघाली की गावाचं शहाणपण एस्टीत बसून जातं. गुंडाप्पा कासारांनी नातवाला सांगितलं, "अनोळखी माणसाकडचं खाऊ नकोस." तेव्हापासून ते दिसेल त्या मांडवात पंगतीला बसतात आणि नवऱ्यामुलाचं नाव शेजारच्याला विचारतात. घड्याळवाले मुजावरचाचा मुलाला "वेळ पाळ" म्हणाले. आता त्यांचं दुकान कधी उघडेल ते त्यांनाही सांगता येत नाही. एका ड्रायव्हरनं मुलीला स्कूटीबद्दल फक्त "वळणावर हळू घे" एवढंच सांगितलं होतं. त्यानंतर नगरपालिकेनं स्टँडवर पाटी लावली: ‘ड्रायव्हर, वायरमन व डॉक्टर यांनी प्रवेशाच्या हंगामात पाल्यांस सल्ले देऊ नयेत. दिल्यास तसे कळवून रजेवर जावे.’

तर आमच्या कस्तुरीला परभणीला गुरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. कस्तू म्हणजे माझ्या दादाची मुलगी. मी तिची आत्या, दादाकडेच राहते. पेढे वाटले आणि घरात सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. चहाचं पातेलं काही गॅसवरून उतरेना.

आता एक गंमत ऐका. एवढी माणसं आली, पण जाताना एकाचंही काही कमी झालं नाही. धोंडूमामा पाचवी भजी उचलत म्हणाले, "जिभेवर ताबा ठेव." बोलून झाल्यावर सहावी उचलली. शकूमावशी म्हणाली, "इकडचं तिकडे करू नये," आणि मग हळू आवाजात जोशांच्या सुनेचं सगळं सांगितलं. दादा मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "मोबाइल कमी वापर." मी या सगळ्यांवर नजर ठेवून होते. सगळे आले तसेच गेले. अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

खरा सल्ला लागला की घेणारा एकदम गप्प होतो, ही खूण. कस्तू गप्प होईना. मी विचारलं, "काही लागतंय का गं?"

"नाही आत्या. नुसतं वारं."

मला पोरीची दया आली. एवढ्या लांब निघालीय, आणि पदरात वारं! माझ्याकडे खरा म्हणावा असा एकच होता. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मनात आलेलं सगळं बोलून दाखवायचं नसतं, कस्तू." ती गप्प झाली. मला बरं वाटलं आणि वळून मी धोंडूमामांना म्हटलं, "मामा, आता प्लेट खाली ठेवा, खादाड आहात नुसते." तेव्हापासून माझं हे असं आहे. एके काळी मी फार गोड बोलायचे. विचारा कुणालाही. म्हणून तर इथे सगळ्यांची नावं घेऊन सांगतेय.

वहिनी मात्र काही बोलली नाही. ती चिवडा परतत होती. शकूमावशीनं टोमणा मारलाच, "आईनं काही सांगितलं की नाही लेकीला? की नुसता चिवडाच?"

मी म्हटलं, "चिवडा निदान खाता येतो."

वहिनीकडे काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रडू आलं की तोंड धुवायचं, पदर खोचायचा आणि समोर पडलंय ते काम घ्यायचं. माझी आई गेली त्या दिवशी वहिनीनं हेच केलं, नाहीतर आलेली माणसं उपाशी परतली असती. दादाला नोकरीवरून काढलं तेव्हाही हेच केलं. आमचं घर त्या एका सल्ल्यावर चाललेलं होतं. दादाला वाटतं घर त्याच्यावर चालतं. वाटू दे बापड्याला.

निघायच्या दिवशी आम्ही चौघं स्टँडवर गेलो. गाडी लागली, सामान चढलं, आणि कस्तू पाटीखालच्या बाकावर बसली ती उठेचना.

"मी नाही जात," ती म्हणाली आणि रडायला लागली. ओठ मिटून, आवाज न करता. माझ्यामुळे तिला आता मनातलं सगळं बोलताही येत नव्हतं. कंडक्टर दोनदा ओरडला. दादा म्हणाला, "अगं, धीर धर." वारं! कंडक्टरनं डबल बेल मारली आणि ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

वहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. मी पाहिलं आणि मला कळलं. म्हटलं, "वहिनी, नको. तुझ्याकडे दुसरा नाहीये."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कस्तूचे दोन्ही हात धरून म्हणाली, "रडू आलं की तोंड धुवायचं. ओढणी खोचायची. समोर जे काम असेल ते घ्यायचं."

कस्तू गप्प झाली. उठली, स्टँडच्या नळावर तोंड धुतलं, ओढणी कमरेला खोचली आणि गाडीत चढली. खिडकीतून हात केला. गाडी गेली.

वहिनी तिथेच उकिडवी बसून रडायला लागली. नळ चार पावलांवर होता. तिनं नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे काय करायचं असतं ते ठाऊक असूनही तिला काही केल्या जमेना. आम्ही तिला रिक्षात घालून घरी आणली.

मग घरात दूध उतू जायला लागलं. वहिनी ओट्यापाशी उभी राहायची आणि रडायची. भाजी अर्धी चिरून ठेवायची. समाचाराला तीच मंडळी आली. धोंडूमामा म्हणाले, "मन घट्ट करावं." शकूमावशी म्हणाली, "मुलींना जायचंच असतं." मी म्हटलं, "निघा आता." निघाले.

मी वहिनीला म्हटलं, "फोन कर आणि परत माग. तुझीच आहे, देईल ती."

"वेडी का काय!" वहिनी डोळे पुसत म्हणाली. "ती परक्या गावात आहे. मला काय, घरात बसून रडलं तरी चालतं."

आणि फोनवर दोघींचं ठरलेलं. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मी पण." एक आई, दुसरीला मी गप्प केलेली. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. राहवण्याचा सल्ला मी कधीच देऊन बसले होते. एका संध्याकाळी फोन हिसकावला आणि म्हटलं, "कस्तू, तुझी आई तू गेल्यापासून रडतेय. आम्ही शिळं खातोय. परत दे तिचं तिला."

 मग कस्तू म्हणाली, "आईकडे दे." वहिनीच्या कानाला फोन लावला. मला शेजारी उभ्या उभ्याही ऐकू येत होतं. "आई, रडू आलं की तोंड धुवायचं. पदर खोचायचा. समोर काम काय आहे?"

वहिनी गप्प झाली. मोरीत जाऊन तोंड धुतलं, पदर खोचला आणि कणीक मळून पोळ्या टाकायला घेतल्या. ताजी पोळी! दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण फोन अजून चालू होता, आणि परभणीच्या हॉस्टेलमधून पोरीचं रडणं ऐकू यायला लागलं. वहिनीनं हात पुसले, फोन उचलला आणि तिचं तिला परत दिलं. पोळ्या तव्यावर करपल्या.

सल्ला फोनवरून जातो. मेसेजनं जात नाही. रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्यांचं काही बिघडत नाही ते त्यामुळेच.

मग आम्ही बसून व्यवस्था लावली. दिवसभर कस्तूचं कॉलेज असतं, म्हशी तपासायच्या असतात, तेव्हा सल्ला तिच्याकडे. त्या वेळात वहिनी रडते. संध्याकाळी कस्तूचा फोन येतो, सल्ला इकडे येतो, वहिनी स्वयंपाक करते आणि उद्याचंही करून ठेवते. तिकडे कस्तू पलंगावर बसून रडते. हॉस्टेलच्या बाईंना तसं कळवलं आहे, त्यांची हरकत नाही. जेवणं झाली की वहिनी फोन करून परत देते. दोघींची रडण्याची वेळ ठरलेली असली की घर नीट चालतं. शेजारीपाजारीही आता दुपारी हाक मारत नाहीत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग कस्तूच्या परीक्षा आल्या.

त्या संध्याकाळी फोन वाजला. वहिनी दिवसभर रडून सुजलेल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती. फोन तिनं मांडीखाली धरून ठेवला होता, कारण माझ्या तोंडाचा भरवसा घरात कुणी धरत नाही. मी म्हटलं, "वहिनी, उचल. तुझी वेळ आहे."

तिनं मान हलवली. "रात्रीचा अभ्यास असतो तिचा."

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. दादानं पहिल्यांदाच स्वतःचा मोबाइल खाली ठेवला. वहिनी रडत होती आणि फोन काही सोडत नव्हती. ओट्यावर दूध वर यायला लागलं.

मी गॅस बंद केला आणि दादाला कालची भाकरी वाढली.