नानांची खुर्ची

पार्टिशनच्या पलीकडून आपलं नाव ऐकू आलं आणि आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क नाना हातातला शिक्का तसाच धरून थिजले. कर्मचाऱ्यांच्या तब्येती सुधारायला कंपनीने नेमलेल्या डॉक्टरीणबाई साहेबांना सांगत होत्या, "नानांची खुर्ची आधी काढा. फार वर्षं बसलेत."

"उद्याच काढतो," साहेब म्हणाले. "पण त्यांना आत्ता काही बोलू नका. धक्काच देऊ."

धक्का बसायचा तो बसला होता. निवृत्ती तोंडावर आलेली, धाकटीचं लग्न ठरलेलं, आणि हे हसत हसत नोकरीवरून काढायला निघालेत! सकाळी याच बाईंनी रक्तदाब मोजताना किती गोड चौकशी केली होती.

घरी हे ऐकून बायकोच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? शिक्का मारला."

"कशावर?"

नानांनी मुकाट्याने डावा तळहात दाखवला. त्यावर जांभळ्या शाईत 'जावक' उमटलं होतं.

"अगं बाई! उद्या खुर्चीवरून उठायचंच नाही," ती कडाडली. "बघूया कोण काढतंय ते!"

बायकोचा शब्द नानांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले. चहाला उठले नाहीत, जेवायला उठले नाहीत, आणि ज्यासाठी उठावंच लागतं त्यासाठीही उठले नाहीत. दुपारी शिपाई आला.

"नाना, जरा उठता का? खुर्ची न्यायचीय."

"माझ्यासकट ने!"

नाना ओरडू शकतात हेच ऑफिसला माहीत नव्हतं. सगळे धावत आले. नानांची खुर्ची काढतायत, हे ऐकून तर हबकलेच. "आज नाना, उद्या आपण!" म्हणत कॅशियरबाईंनी आपली खुर्ची ओढत आणली आणि शेजारी ठाण मांडलं. मग बिलिंगवाले आले, मग टायपिस्ट. काउंटर ओस पडले. ताटकळलेल्या एका गिऱ्हाइकाने सरळ मुख्य कार्यालयाला फोन लावला, की इथे सगळे धरणं धरून बसलेत.

साहेब बाहेर आले ते डोळे विस्फारूनच. "नाना, अहो, हे काय मांडलंय?"

"नोकरीवरून काढताय आणि वर विचारताय?"

"नोकरीवरून? अहो, ही खुर्ची काढायची होती, ही लाकडी! उभ्याने काम करायला उंच टेबल आणलंय तुम्हाला. बसून बसून पाठ जाते, हृदयावर ताण येतो, म्हणून."

नानांनी आ वासला. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठायला गेले, पण उठवेचना. कंबर धरली होती, पायांना मुंग्या आल्या होत्या.

"लोकांना हे व्हायला वर्षं लागतात," डॉक्टरीणबाई थक्क होऊन म्हणाल्या. "तुम्ही एका दिवसात करून दाखवलंत."

तेवढ्यात फोन वाजला. ऐकता ऐकता साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"मुख्य कार्यालयातून होता," ते पुटपुटले. "धरण्याचं कळलंय त्यांना. माझी खुर्ची गेली."

"घाबरू नका साहेब," नाना कंबर चोळत म्हणाले. "पाठीला चांगलं असतं म्हणे."

"तुमच्यासारखी नाही हो, नाना. खरीच गेली."

शिपायाने एव्हाना आणून ठेवलेल्या उंच टेबलाला धरून नाना कसेबसे उभे राहिले आणि त्यांनी आपली खुर्ची साहेबांपुढे सरकवली.

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "बसू?"

"बसा," त्या हळूच म्हणाल्या. "आज चालेल."