जोडे घातलेली अक्षरं

आमच्या शेजारचे डोमाजी पेंटर अक्षरांना जोडे घालतात. मी काही गंमत करत नाही. त्यांच्या पाटीवर प्रत्येक अक्षराच्या उभ्या दांडीखाली एक जाडजूड चौकोनी ठोकळा असतो, त्याला ते जोडा म्हणतात. "अनवाणी अक्षर उभं राहीन काय वहिनी? वाऱ्यानं पडन न थे."

वणीत आता जिकडेतिकडे फ्लेक्स झाले, पण आमच्या गल्लीतला किराणा, चक्की आणि सायकलवाला अजून डोमाजींच्या अक्षरांखाली बसतात. अक्षरं कसली, लग्नाच्या फोटोत खेटून उभे राहिलेले लठ्ठ काके सगळे. ही विद्या त्यांना जिनिंगमध्ये सापडली. तरुणपणी तिथं कामाला होते. कापसाच्या गठाणींवर इंग्रजी अक्षरं मारलेली असायची, जाड, खाली-वर चौकोनी पट्ट्यांची. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आजही येत नाही. पण त्या अक्षरांचे पाय आवडले, ते आणून मराठीला लावले.

आता मराठीत सगळ्याच अक्षरांना दांडी कुठं असते? ट, ड, द, र ही मंडळी अधांतरीच. त्यांना जोडा घालायचा कुठं? म्हणून डोमाजींचा त्यांच्यावर राग. एका माणसानं नव्या दुकानासाठी 'रुद्र' नाव आणलं, तर ह्यांनी ब्रशच खाली ठेवला.

"चिंतामणी ठेव. कळंबचा देव आहे, अन् सगळे पायावर उभे."

"पोराचं नाव आहे भाऊ थे."

"मंग त्याचंही बदलून टाक. लहान आहे अजून."

तो माणूस गेला. असे बरेच गेले.

हे सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा मी त्यांना पाटी सांगितली, म्हणजे चूक माझीच. घरी पापडांचं काम सुरू केलं होतं, उन्हाळा तोंडावर होता, गिऱ्हाइकाला गल्लीच्या तोंडाशी कळायला हवं होतं. पत्रा दिला, कागदावर मजकूर लिहून दिला: घरगुती पापड, कुरड्या, शेवया मिळतील. आठ दिवस गेले, पंधरा गेले. रोज सकाळी माझ्याकडे चहाला येत, पेपरातल्या अक्षरांना नावं ठेवत आणि उठून जात.

"भाऊजी, पाटीचं काय करून राह्यले?"

"ड वर अटकलो. त्याले पायच नाही न."

दीड महिन्यानं पाटी आली. काळ्यावर पिवळी, लांबून दिसेल अशी. आणि पत्र्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द: पापड.

"कुरड्या कुठं आहेत?"

"बसल्या नाही."

"अक्षर बारीक करा न मंग."

"उपाशी ठेवू काय त्याईले?" डोमाजी म्हणाले. "लोकं येतीन, इचारतीन कुरड्या आहे काय म्हून. तुम्ही सांगा. तुमाले तसाही बोलाचा शौक आहे."

माझं डोकं फिरलं. अर्धा उन्हाळा ह्या माणसानं एका ड पायी घालवला होता. दुसऱ्याच दिवशी मी फ्लेक्स करून आणला. त्यावर पापड, कुरड्या, शेवया, लोणचं, कोपऱ्यात फुलं, सगळं बारीक अक्षरात नीट बसलेलं. डोमाजींनी तो येता-जाता पाहिला आणि चहाला यायचं बंद केलं. एक शब्द बोलले नाहीत. बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही, बोलायचं माणूस म्हणजे मीच. तरी ताठा बघा. इकडे सवयीनं रोज अर्धा कप चहा जास्त व्हायचा, तो मीच प्यायचे आणि पित्त वाढवून घ्यायचे.

चार महिने झाले. आमच्याकडे कोळशाचे ट्रक दिवसभर धावतात, सकाळी घासलेलं भांडं दुपारी काळं होतं. पण माझा फ्लेक्स लख्ख. "प्लास्टिक चांगलं आहे," मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे.

एका सकाळी, उजाडता उजाडता, दूध आणायला निघाले. पाहते तर चक्कीच्या पाटीखाली स्टूल मांडून डोमाजी उभे. बादलीत फडकं बुडवून जोडे पुसून राहिले होते, एकेक करून. चक्की झाली, किराणा झाला, सायकलवाला झाला. मग स्टूल उचललं आणि माझ्या फ्लेक्सखाली आणून ठेवलं. त्यातलं एकेक बारीक अक्षर फडक्याच्या टोकानं हलकेच टिपत होते, तोंडानं पुटपुटत होते.

"भाऊजी," मी म्हणाले, "हा तर तुमचा नाही."

ते दचकले, पण खाली उतरले नाहीत. शेवयांवरची काजळी पुसली, फडकं पिळलं.

"दुसऱ्याचं लेकरू असलं म्हून काय झालं वहिनी," ते म्हणाले. "नाक त पुसाच लागते."

 

"चहाले या," बोलायचा शौक असलेली मी एवढंच म्हणाले आणि दूध घेऊन तशीच घरी आले. अर्धा कप पाणी जास्त ठेवलं. मग गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून टाकलेली त्यांची पाटी उचलली, आणि ते यायच्या आत ओल्या फडक्यानं भराभरा पुसायला घेतली.