रघूदादांची उन्हाळी भरती

नववीची वार्षिक परीक्षा संपली की रघूदादा शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराचा तळहात उलटासुलटा करून बघत. नवख्या माणसाला वाटे, कुणी ज्योतिषी असावा. दादा हात दाबून बघत आणि तोंड वाकडं करत.

"एकदम कोरा हाय. वापरलेलाच नाय. सुट्टीत काय करनार? घरात लोलत पडनार? एक जागा हाय, चढतोस काय?"

रघूदादा एसटीचे निवृत्त कंडक्टर. सारी नोकरी शहापूर-किन्हवली आणि शहापूर-मुरबाड या फेऱ्यांत झालेली. त्यामुळे जगात त्यांना दोनच प्रकारची माणसं दिसत: बसायला जागा मिळालेली आणि अजून उभी असलेली. सापगावात आमच्यापासून चौथं घर त्यांचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर लोक देवळात जाऊन बसतात किंवा भावाशी बांधावरून भांडतात. दादांनी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना सुट्टीपुरतं काम शोधून द्यायचं खूळ घेतलं. सकाळचे दोन तास, पगार नाही.

"पगार काय, पुढं जलमभर हायच," ते म्हणत. "आता नुसती चव घ्या."

दुकानदारांना त्यांच्या तीन अटी असत. दोन तासांवर एक मिनिट नाही. पोराला नाश्ता द्यायचा. आणि 'ए' म्हणून हाक मारायची नाही, नावाने मारायची. पिठाच्या गिरणीवाल्याने एकदा विचारलं, "दादा, मंग यात माझा फायदा काय?"

"पोरगा तुला गिऱ्हाइकाशी गोड बोलायला शिकवील. तुझी बायको दुवा देईल मला."

पोराची जागा ठरवताना ते गुण बघत नसत, खोड बघत. कुणाशी न बोलणाऱ्या एका मुलाला त्यांनी बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी उभं केलं. चार दिवस पोरगं रडकुंडीला आलेलं. पाचव्या दिवशी त्याने 'मुरबाड, मुरबाड' अशी आरोळी ठोकली की झोपलेला ड्रायव्हर उठून गाडीत जाऊन बसला. एका भांडकुदळ मुलीला वाचनालयात ठेवलं. त्या महिन्यात सात-सात वर्षं घरी पडलेली पुस्तकं लोक मुकाट्याने परत करून गेले. आणि थापा मारण्यात पटाईत असलेला एक पोरगा त्यांनी शिंप्याकडे दिला. "बिचारा शिंपी एकटा किती जनांना 'उद्या देतो' सांगनार?"

पहिल्या दिवशी दादा स्वतः पोराला घेऊन जात आणि दुकानाच्या पायरीवर दोन तास बसून राहत. मालकांना ते आवडत नसे.

"आमच्यावर इस्वास नाय काय, दादा?"

"तुमच्यावर हाय ना. तुमी तुमचं काम करा."

प्रतिष्ठित लोकांना मात्र दादा म्हणजे डोकेदुखी होती. आमच्या भागात प्रत्येक घरात एक भावी कलेक्टर वाढत असतो आणि तो स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाही. एका मास्तरांनी दादांना सुनावलं, "माझा मुलगा कलेक्टर होणार आहे. त्याने गिरणीत पीठ कशाला उडवायचं?"

"कलेक्टरला पीठ कसं होतं ते कलू नाय, असा कायदा हाय काय, मास्तर?"

एका वर्षी दादा सहा पोरांना घेऊन मुरबाडला गेले, बाजारात म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या एसटीपर्यंत पोचवायला. ही गोष्ट तिथल्या एका पुढाऱ्याच्या कानावर गेली. लगेच मांडव पडला, फलक लागला, 'श्रमवीरांचा सत्कार' ठरला. पोरांनी काम केलं होतं दोन तास, भाषणं झाली चार तास. मांडवातल्या खुर्च्या त्याच सहा पोरांनी मांडल्या, त्यांनीच उचलल्या. सत्काराचे नारळ पाहुण्यांतच संपले. परतताना दादा पोरांना म्हणाले, "बघितलाव ना? काम करनारा उभा असतो. पन म्हनून खुर्चीवाल्याला शिव्या नाय द्यायच्या. त्याला उभं राहताच येत नाय, बिचाऱ्याला."

हे सगळं मी हसून सांगत असे, कचेरीतसुद्धा. मी तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मग नव्वदचं दशक संपता संपता माझा प्रशांत नववी पास झाला आणि माझं हसू आटोपलं.

दादांनी त्याला शहापूरला सायकली दुरुस्त करणाऱ्या एका चाचांच्या दुकानात दिला. मी विरोध केला नाही, कारण चारचौघांत करवला नाही. आठ दिवसांत पोराची नखं काळी झाली, भूक दुप्पट झाली आणि जेवताना तो बोलायला लागला. एरवी तो माझ्यापुढे घास मोजत जेवायचा. दहाव्या दिवशी म्हणाला, "बाबा, मी दहावीनंतर आयटीआय करतो. चाचा म्हणतात, माझा हात चांगला आहे."

मी कल्याणच्या साडूला प्रशांत इंजिनीअर होणार हे सांगून ठेवलं होतं. साडूचा मुलगा आधीच होत होता. पोराला 'नाही' म्हणण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं आणि दादांना तोंडावर बोलण्याचं त्याहून नव्हतं. तेव्हा भित्रा कारकून जे करतो ते मी केलं. निनावी अर्ज लिहिला. 'सापगाव येथील एक इसम अल्पवयीन मुलांना विनावेतन राबवून घेत असून' वगैरे.

अर्जाने फार लवकर काम केलं. खऱ्या अर्जाने इतकं करताना मी नोकरीत पाहिलेलं नाही. चौकशीला कामगार खात्याचे साहेब आले, आमच्याच कचेरीत बसले. बालमजुरी हा समाजावरचा कलंक कसा आहे हे त्यांनी दादांना अर्धा तास समजावलं. तेवढ्या वेळात तीनदा चहा आला. तिन्ही वेळा तो कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या दहा वर्षांच्या मुलाने आणला. तिन्ही वेळा साहेब त्याला म्हणाले, "ए, साखर कमी." चहा मीच मागवला होता.

दादांनी फक्त त्या मुलाला नाव विचारलं.

सात दिवसांत लेखी खुलासा द्या, अशी नोटीस मिळाली. त्या रविवारी सकाळी दादा नोटीस आणि अर्जाची झेरॉक्स नक्कल घेऊन माझ्याच ओटीवर हजर. "तुमचं अक्षर मोत्यासारखं. खुलासा तुमीच लिवा, भाऊ."

मी कागद घेतला. दादा अर्जाच्या नकलेवर बोट फिरवत बसले.

"मानूस शिकलेला हाय," ते म्हणाले. "डाव्या बाजूला घडी घालून समास सोडलाय. विषय हाय, संदर्भ हाय. आनि खाली बघा काय लिवलंय. 'सहपत्रे: निरंक.' नाव लपवलं, पन सोबत कागद नाय म्हनून निरंक लिवायला इसरला नाय."

"कचेऱ्यांत माणसं पुष्कळ असतात, दादा," मी म्हणालो.

"हां. पुष्कल," ते म्हणाले. "लिवा. तक्रार खरी हाय."

"अहो, खरी कशी? तुम्ही काय पोरांना..."

"मी पोरांना कामाला नेतो, हे खरं हाय ना? लिवा."

मी लिहिलं. मग त्यांनी माझ्या पेनावर हात ठेवला. म्हणाले, "हे लिवू नका, नुसतं सांगतो. मी बारा वर्सांचा व्हतो तेवा बापाने मला भिवंडीला मागाच्या कारखान्यात नेला. दारात सोडला आनि परतीची गाडी धरली. मागं वलून बघितला नाय. आतल्यांना माझं नावसुदा सांगितला नाय त्याने. चार वर्सं तिथं मी 'ए' व्हतो. बाप वाईट नव्हता. वलला असता तर मी धावत त्याच्या मागं गेलो असतो, म्हनून नाय वलला. हे मला कललं तेवा बाप मेला व्हता." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं. "दुकानात काम करताना पोरगं मधनंच मान वर करून दाराकडं बघतं. पायरीवर कोन तरी दिसलं की परत कामाला लागतं. म्हनून मी बसतो. मालकाला वाटतं मी त्याच्यावर पहारा ठेवतो."

दादा म्हणाले, "आता पुढं लिवा. यापुढे मी कोणाही मुलास कामावर नेणार नाही."

माझं पेन थांबलं. "दादा," मी म्हणालो, "तो अर्ज माझा आहे."

"मंग काय झालं? खुलासा पुरा करा. मुदत उद्याची हाय."

"मी साहेबांना सांगतो. अर्ज मागे घेतो."

"निनावी अर्ज मागं घ्यायला नाव लावावं लागतं, भाऊ. नाव लागलं की गावात बोभाटा होईल, कचेरीत होईल. सगल्यात शेवटी पोराला कलेल." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. प्रशांत आत रेडिओ खोलून बसला होता. "हाय ना घरात? मंग हलू बोला. बापाचं असं काय कललं की पोराला लय एकटं वाटतं."

मी वाक्य लिहिलं. माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. दादांनी खाली सही केली, कागदाची घडी घातली आणि मग मोठ्याने हाक मारली, "परशांत, भायेर ये रे."

प्रशांत बाहेर आला. हातात स्क्रू होता.

"चाचाच्या दुकानात उद्यापास्नं जाऊ नको," दादा म्हणाले. "त्याच्या भावाचा पोरगा आलाय गावास्नं. जागा भरली. चाचाला लय वाईट वाटलं, पन काय करनार?"

चाचांना भाऊ नव्हता. रघूदादांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

प्रशांतचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "खरं, बाबा?"

मी म्हणालो, "हो."