चार डिस्कची रीतसर वाटणी

मनुष्यदेह नश्वर आहे. मनुष्यानं काढलेले फोटो नश्वर नाहीत, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते. देहाची व्यवस्था तेराव्या दिवसापर्यंत लागून जाते. फोटोंची व्यवस्था लावायला घरात एक डबा घ्यावा लागतो.

रिठदच्या हरीओमनं तो घेतला. हरीओमचं गावात कृषी सेवा केंद्र असल्यामुळे बियाणं, फवारणी आणि जगातली इतर कोणतीही बाब यांवर सल्ला देण्याची त्याला सवय आहे. डबा पिठाच्या डब्याएवढा. त्यात चार डिस्क उभ्या बसतात, सगळ्यांच्या फोनातले फोटो आपोआप त्यात जाऊन पडतात आणि पुन्हा कोणी ते पाहत नाही. (पाहण्यासाठी फोटो काढणारी माणसं आता राहिली नाहीत.) धाकटा भाऊ शिवम वाशिमला नोकरीला, त्याचेही फोटो इंटरनेटवरून इथंच येत. दोघांनी दोन-दोन डिस्क आणल्या होत्या. वडील नानाजी गेल्यावर शेताची वाटणी झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, डबा तेवढा सामाईक राहिला. भावाभावांत एवढा एकोपा पाहून गावातली काही मंडळी अस्वस्थही झाली होती.

डब्यातल्या ऐवजाची वर्गवारी पुढीलप्रमाणे होती: सकाळच्या शुभेच्छा, चाळीस टक्के. एकाच लग्नाचे सगळ्यांनी सगळीकडून काढलेले फोटो, तीस टक्के. सोयाबीनच्या पानावरची अळी, पंधरा टक्के (अळी प्रत्येक वेळी वेगळी). खिशात फोन असताना चुकून निघालेले व्हिडिओ, ज्यांत अंधार आणि चालण्याचा आवाज आहे, उरलेले सगळे. या ढिगाऱ्यात जेमतेम मिनिटभराचा एक व्हिडिओ होता. नानाजी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून घाम पुसताहेत आणि ओरडताहेत, "रंगू, पानी आन वो, आन या पोट्ट्याले सांग, फोन ठेव म्हना खाली." नानाजींचा आवाज जगात एवढाच शिल्लक होता. रंगूबाई, म्हणजे या दोघांची आई, रोज दिवेलागणीला तेवढा टीव्हीवर लावायला सांगे आणि ऐकून झालं की स्वयंपाकाला उठे.

मग एका डिस्कचा लाल दिवा लागला. हरीओम डगमगला नाही. या डब्याची रचना मोठी माणुसकीची: एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम सांभाळून घेतात, आणि नवी बसवली की आठवून आठवून तिला सगळं परत भरून देतात. हरीओमनं ठरवलं की करायचंच तर चारही जुन्या काढून मोठ्या बसवू. भावांनी पुन्हा दोन-दोन आणल्या. एक काढायची, एक घालायची, भरणी होईतो थांबायचं, मग दुसरी. भरणी चालू असताना वीज जाऊ नये म्हणून घरचा मिक्सर आणि गिरणी बंद ठेवण्यात आली. हरीओमची बायको वैजयंती हिनं चारही वेळा पाट्यावर चटणी वाटली आणि तंत्रज्ञानाबद्दल आपलं मत मनातच ठेवलं.

चारी डिस्क बदलल्या, जुन्या भंगारात गेल्या, जागा दुप्पट झाली. जागा वाढली की भांडण येतं, हे शेताला लागू आहे तसंच डब्यालाही आहे. हरीओमनं साठ्याची पुनर्रचना केली: घर, शेती, हरीओम, शिवम असे चार कप्पे, प्रत्येकाला मर्यादा. शिवमच्या कप्प्याला थोडी कमी जागा आली, कारण त्याची बायको निकिता रोज रील टाकते आणि असल्या गोष्टींना आळा बसला पाहिजे, असं हरीओमचं मत होतं. शिवमनं फोनवर शांतपणे सांगितलं की दादा, आता हेही वाटून घेऊ.

वाटणीला किशनकाका बसले. तालुक्यातले निम्मे धुरे त्यांच्या शब्दावर उभे आहेत. त्यांनी रीत सांगितली: मोठ्यानं हिस्से पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. पाटावर नारळ ठेवला, चारही डिस्क ओळीनं मांडल्या. किशनकाकांनी चौकशी केली की जमीन सारखी हाय का. हरीओमनं सांगितलं की डब्यात कडेच्या दोन थंड राहतात, मधल्या दोन तापतात. काकांनी मान हलवली; म्हणजे दोन बागायती, दोन कोरडवाहू. प्रत्येकाला एक कडेची, एक मधली. इतकी निर्दोष वाटणी पंचक्रोशीत झाली नव्हती. एक डिस्क गेली तर तिघी सांभाळतात, तर दोन गेल्या की दोघी सांभाळतील, ओढाताण होईल थोडी, असा हरीओमचा हिशेब होता. आणि कोणत्याही घराला लावून पाहा, तो बरोबरच येतो. शिवम चहा पिऊन, दोन डिस्क रुमालात गुंडाळून वाशिमला गेला आणि तिथं त्यानं तसाच डबा घेतला.

दोन्ही डबे उघडेनात. दोघांनाही एकच मजकूर आला: साठा अपुरा आहे, सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायची का? दोघांनाही खात्री पटली की चांगल्या दोन दुसऱ्यानं नेल्या. शेवटी एका जाणकारानं फोनवर उलगडा केला. प्रत्येक फोटोचे तुकडे करून ते चारही डिस्कवर पसरलेले असतात; दोनवर काहीच दिसणार नाही, पण काही बिघडलेलंही नाही, चारपैकी कोणत्याही तीन एका डब्यात घाला, सगळं जसंच्या तसं मिळेल.

म्हणजे कोणीतरी एक डिस्क घटकाभर दुसऱ्याला द्यायची होती. प्रश्न तंत्राचा उरला नाही, तत्त्वाचा झाला. देणाऱ्याकडे एक उरणार, घेणाऱ्याकडे तीन होणार. हरीओम म्हणाला, धाकट्यानं आणून द्यावी. शिवम म्हणाला, मोठ्यानं मन मोठं करावं. सोयाबीन निघालं, तूर निघाली, हरभरा निघाला. तत्त्व जागेवर होतं. रंगूबाई दिवेलागणीला टीव्हीकडे पाही आणि स्वयंपाकाला उठे.

एके दिवशी तिनं हरीओमनं डब्यातून काढून कपाटात ठेवलेल्या दोन डिस्कपैकी एक काढली, लुगड्याच्या धडप्यात बांधली आणि सकाळच्या एसटीनं एकटीच वाशिमला गेली. दुपारी घरात शोधाशोध झाली, तेव्हा आई वाशिमला गेल्याचं वैजयंतीनं सांगितलं. पुढचं हरीओमला संध्याकाळी आईच्याच तोंडून कळलं. शिवमनं आईला जेवू घातलं, पाठीमागे उशी दिली, डिस्क मात्र हातात घेतली नाही. म्हणाला, "माय, मी हे लावली तं उद्या गाव म्हनल, शिवमनं तीन दाबल्या. दादाले मले फोन करू दे आंधी." ती म्हणाली, मग तूच कर. तो म्हणाला, मी काहून करू? संध्याकाळच्या गाडीत त्यानंच तिला बसवून दिलं, खिडकीजवळ.

आई दारात आली तसं हरीओमनं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, सोडलं, डिस्क चहूबाजूंनी पाहिली. "गाडीत आपटली-गिपटली तं नाई ना हे?" त्यानं विचारलं.

रंगूबाई ओट्यावर टेकली. पाणी कोणी विचारलं नव्हतं. "नाई आपटली," ती म्हणाली. "हरीओम, मी त्यायचा आवाज इसरून राह्यली रे. पानी आन म्हनत, हे आठवते. कसं म्हनत, ते नाई आठवत."

हरीओमनं डिस्क खाली ठेवली. त्यानं लगेच फोन काढला, शिवमचं नाव शोधलं, अंगठा त्यावर नेला. मग त्याच्या लक्षात आलं की गेल्या वेळी फोन आपणच केला होता. त्यानं फोन ठेवला आणि डिस्क कपाटात नीट जागेवर लावली.

वाचकहो, हसणं प्रकृतीला चांगलं. हसून झालं की आपल्या भावंडांना एवढंच विचारा, आईचा आवाज कोणाकडे जपून ठेवलाय? प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगेल. मग कोणीतरी म्हणेल, त्यात काय, आई आहे अजून, आत्ता फोन लावून घेऊ. फोन कोणी लावायचा, तेवढं ठरायचं आहे.