हिरव्या कुंपणाची लाल पानं

हेडक्लार्कनी अंगणात कुंपणाची झाडं लावायचं ठरवलं ते शेजारच्या बाईंमुळे. पण हे त्यांनी कोणापाशी, अगदी बायकोपाशीसुद्धा, कबूल केलं नाही. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. (शाळेतून. स्वभावातून नव्हे.) दोन अंगणांच्या मधे नुसती तार. हेडक्लार्क बनियनवर दात घासत बाहेर आले की पलीकडून आवाज यायचा, "ब्रश उभा फिरवा, उभा." वर्तमानपत्र घेऊन बसले की, "डोळ्यांपासून लांब धरा." ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने ऑफिसातले कारकून फायलींत डोकं घालत, ते गृहस्थ स्वतःच्या अंगणात चोरासारखे वावरू लागले.

तेव्हा एका रविवारी ते नर्सरीतून रोपं घेऊन आले. बारा महिने हिरवी राहणारी, पुरुषभर उंच होणारी, भिंतीसारखी दाट.

"कशासाठी?" बायकोने विचारलं.

"सौंदर्य," हेडक्लार्क म्हणाले. हा शब्द लग्नानंतर त्यांच्या तोंडून ती प्रथमच ऐकत होती.

रोपं रुजली, तरारली, आणि एका सकाळी त्यांच्या शेंड्यांवर लालबुंद पानं दिसली. हेडक्लार्कनी तिथूनच हाक मारली.

"अगं, कुंपण लाल पडलंय."

"ताप आहे का बघा," ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

ऑफिसात टायपिस्ट म्हणाली, पाणी कमी पडतंय. कॅशियर म्हणाला, पाणी जास्त होतंय. हेडक्लार्कनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि स्वतःच निदान केलं: रोग आहे, आणि पसरायच्या आत खुडायला हवा. मग रोज सकाळी ते वाकून एकेक लाल पान खुडायचे, पिशवीत भरायचे, लांब कोपऱ्यात पुरायचे आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. रोगही चिवट. आज खुडावं तर चार दिवसांनी बाजूने आणखी दोन लाल शेंडे हजर.

यात एक गोष्ट विपरीत झाली. पूर्वी बाईंना ते जाता-येता सापडत. आता तासभर एका जागी सापडू लागले. बाईंची सांधेदुखी, भाच्याची बदली, शाळेतल्या प्रत्येक शिपायाचा स्वभाव, सगळं त्यांना पाठ झालं.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी वाकलेले हेडक्लार्क सरळ होईनात. कमरेत उसण भरली होती. बायकोने त्यांना जसंच्या तसं, वाकलेलंच, आत नेलं.

"तू तरी खुड गं," ते अंथरुणातून विनवायचे. "किती लाल झालंय?"

"छान दिसतंय," ती म्हणायची. आजाऱ्यासमोर माणसं असंच बोलतात, या समजुतीने ते कूस बदलायचे.

बरं वाटल्यावर कंबर धरून ते बाहेर आले आणि पाहतच राहिले. जे शेंडे ते लाल सोडून गेले होते, ते आता हिरवेगार, तुकतुकीत झाले होते. त्यांच्याही वर नवे लाल शेंडे फुटत होते. कोवळी पानं लाल येतात आणि जून झाली की हिरवी होतात, एवढीच गोष्ट होती. इतके महिने हेडक्लार्क रोग नव्हे, वाढ खुडत होते. भिंत व्हायची ती गुडघ्याशीच गुबगुबीत होऊन बसली होती.

"आता बरं आहे ना?" बाई तारेपाशी आल्या. "तुम्ही झोपून होतात तर शेंडे वर चाललेत. मी खुडू का?"

"खुडू? तुम्ही?"

"खरं सांगू? तुम्ही रोपं आणलीत तेव्हा मला वाटलं, माझं तोंड दिसू नये म्हणून आडोसा करताय. फार लागलं मनाला. एकटीला दिवसभर बोलायला असतं कोण?" बाईंनी तारेवर हात ठेवला. "मग तुम्हाला रोज शेंडे खुडताना पाहिलं. कुंपण दाट व्हावं, पण बोलताना मधे येऊ नये, म्हणून कंबर मोडून घेणारा शेजारी कोणाला मिळतो?"

हेडक्लार्कनी तोंड उघडलं. दारात बायको उभी होती. तिने एकदा कुंपणाकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळा उलगडा झाला.

"तेच," हेडक्लार्क खाली बघत म्हणाले. "उंची कशी, बेताची बरी."

"ह्यांचं पहिल्यापासून हेच म्हणणं," बायको म्हणाली. ती आत गेली आणि कात्री आणून तिने त्यांच्या हातात ठेवली. "बोटांनी किती खुडाल? आता जन्मभराचं काम आहे."