चेहरा दाखवून वर जावे

वामनराव ठोंबरे सरांच्या बैठकीत टीव्हीच्या जागी अख्खी बिल्डिंग दिसायची. चार चौकोन : गेट, पार्किंग, जिना, दुसरा मजला. सक्करदऱ्यातल्या त्या अपार्टमेंटमधून कुणाची तरी सायकल चोरीला गेली आणि सोसायटीने कॅमेरे लावले. ते बघत बसायला रिकामा माणूस कोण, या प्रश्नावर सगळ्यांनी एकदमच तिसऱ्या मजल्याकडे पाहिले. सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. पत्नी जयवंता दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी मिनल बंगळुरूला. पडदा आला तशी घरात निदान हलणारी माणसे आली. त्यांना आवाज नव्हता, पण आवाजाला कूलर होताच.

गेट.

मे लागला आणि शिस्तीचा बोऱ्या वाजला. नागपुरात मे महिन्यात माणसाला चेहरा नसतो. दुपट्टा, त्यावर गॉगल. मग तो चोर असो की साव. सरांनी ग्रुपवर सूचना टाकली : "गेटच्या कॅमेऱ्यासमोर थांबून, चेहरा दाखवूनच वर जावे."

लोकांनी अंगठे पाठवले आणि खरेच थांबू लागले. दुपट्टा खाली, नजर कॅमेऱ्यात, दुपट्टा वर. सेक्रेटरी सुशील सॅल्यूट ठोकायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या शामलाबाईंची सून रीना ऑफिसातून येताना जीभ काढून दाखवायची. सर खुर्चीत बसून म्हणायचे, "रीना. हजर." मग उरलेली संध्याकाळ कूलर बोलायचा.

दुसरा मजला.

एका संध्याकाळी शामलाबाईंनी ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. "माह्या दारासमोर रोज दुपारी कोणीतरी उभं राहून राहिलं. बेल वाजवत नाही, काही नाही. मी दाराच्या भिंगातून पाह्यलं. पुरा झाकलेला माणूस!"

पाच मिनिटांत सरांच्या बैठकीत चप्पल ठेवायला जागा उरली नाही.

"सर, लावा पिक्चर," सुशील म्हणाला.

सरांनी दुपारचे चित्रण लावले. पांढरा दुपट्टा गुंडाळलेला माणूस गेटमधून आला. थांबला नाही. छातीशी स्टीलचा डबा धरून जिना चढला. शामलाबाईंच्या दारापुढे उभा राहिला. बेलकडे हात नेला. मागे घेतला. डब्याचे झाकण उघडून आत पाहिले, लावले आणि वर निघून गेला.

"गच्चीवर गेला!" सुशील ओरडला. "तिथून बाजूच्या बिल्डिंगमधी उतरते तो. आन् पाहा, गेटवर चेहरा नाही दाखवला. बाहेरचाच आहे. आपला माणूस नियम तोडत नाही."

"डब्यात काय असन वं?" शामलाबाईंनी सुनेला विचारले.

"बेशुद्ध करायचं औषध," रीना म्हणाली. "मी वाचलं होतं."

डब्यात काहीच नव्हते, हे त्या खोलीत सरांनाच ठाऊक होते. सगळा गुन्हा तोच होता.

होळीला शामलाबाईंनी त्या डब्यातून पुरणाच्या पोळ्या पाठवल्या होत्या. पोळ्या संपल्या, डबा उरला. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हा जयवंताबाईंचा नियम. पण तो पाळायच्याही त्याच. चिमूटभर साखर घालून देता आली असती, पण पुरणपोळ्यांना साखरेने उत्तर देणे सरांना कॉपी करून पास होण्यासारखे वाटले. म्हणून ते रोज दुपारी डबा घेऊन सीताबर्डीला जायचे, दुकानांपुढे उभे राहायचे, काहीच पटायचे नाही, परत यायचे. "तसाच देऊन टाकू" म्हणत शामलाबाईंच्या दारापुढे थांबायचे, शेवटचे आत बघायचे आणि वर आपल्या घरी जायचे. गेटवर ते चेहरा दाखवत नसत. बघणारा बाहेर असताना दाखवायचा कुणाला?

हे सगळे सांगायला त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात जयवंताबाईंच्या खुर्चीत ऐसपैस बसत सुशील म्हणाला, "सर, चहा होते का जी?"

दोन वर्षांत त्या घरात कुणी चहा मागितला नव्हता.

"होतो की," सर म्हणाले. "आणि चोर उद्या पुन्हा पाहू."

जिना.

आता चोराला येणे भाग होते. तो आला की संध्याकाळी माणसे येत. कुणी भजी आणी, कुणी डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी. सर दुपारी दुपट्टा गुंडाळत आणि संध्याकाळी दुपट्टेवाल्याला शिव्या घालत. रीना म्हणाली, "रोज तेच तेच करते बाप्पा हा," तर दुसऱ्या दिवशी चोर लंगडला. त्यावर मोठी चर्चा झाली. सुशीलच्या मते लंगडा हा वेगळाच होता, म्हणजे टोळी होती. शामलाबाई तेवढ्या फार बोलत नसत. चहा मात्र दोनदा घेत.

मग सुशील इतवारीच्या बाजारातून लाठी घेऊन आला.

"रविवारी धरू त्याले. मी गच्चीच्या जिन्यावर दबा धरतो. सर, तुमी पडद्यापाशी बसा आन् तो आला का मले फोनवर सांगा."

सर रात्रभर हेच घोळवत राहिले. चोर आला नाही तर सोमवारपासून कुणी येणार नाही. आला तर पकडला जाईल. शाळेत त्यांनी कुणाला सोडले नव्हते; मग स्वतःलाच कसे सोडणार? रविवारी दुपारी त्यांनी पांढरा दुपट्टा गुंडाळला.

कुणीच बघत नसलेल्या पडद्यावर पुढचे असे दिसत होते : गेटमधून माणूस येतो. जिना चढतो. दारापुढे थांबतो. हात बेलकडे जातो. वरच्या जिन्यात दबा धरलेल्या सुशीलचा धीर सुटतो आणि तो "आला का?" विचारायला सरांना फोन लावतो. चोराच्या खिशात उजेड होतो. चोर खिसा दाबतो. दार उघडते, आतून बांगड्यांचा हात येतो आणि चोराला मनगटाला धरून आत ओढतो. दार बंद.

कॅमेरा दाराशी संपतो. आपण आत जाऊ.

"पहिले तो फोन बंद करा," शामलाबाई म्हणाल्या. "आन् दुपट्टा काढा, सर. जीव गुदमरन."

"तुम्ही ओळखलं?"

"माहा डबा मी ओळखणार नाही? झाकणाचा पोचा मीच पाडला होता. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर ओळखला."

"मग बोलल्या काहून नाही?"

शामलाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "बोलली असती, त संध्याकाळी कुठं गेली असती मी? घरी पोरगा आन् सून, दोघंही आपापल्या मोबाईलमधी."

सरांनी डबा पुढे केला. "रिकामा आहे."

"मंग मी नाही घेत. घेऊन जा वापस."

तेवढ्यात फोनची रिंग ऐकून खाली धावत आलेल्या सुशीलने दारावर लाठी हाणली. शामलाबाईंनी उघडले. त्याने आधी सरांना पाहिले, मग पांढरा दुपट्टा, मग डबा. लाठी त्याने हळूच भिंतीला टेकवली.

"सर... तुमी?"

"हजर," सर म्हणाले.

पार्किंग.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्येच झाली. कुणी रागावले नाही, हसले मात्र पुष्कळ. पडदा सुशीलकडे गेला. सरांच्या भिंतीवर चार खिळे उरले. त्या संध्याकाळी कुणी आले नाही. सरांनी सवयीने चहा जास्त टाकला होता; तो त्यांनी एकट्याने, दोनदा गरम करून प्यायला. मग डबा ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ मुरमुऱ्यांच्या पिशवीकडे पाहत राहिले. कच्च्या चिवड्याला गॅस लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावर जायला सर तिसऱ्यावरून थेट गेटपर्यंत उतरले. कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले. दुपट्टा खाली घेतला. चेहरा दाखवला. मग झाकण उघडून डबाही दाखवला. मुरमुरे, तिखट, तेल, कांदा.

खिशात फोन वाजला. सुशीलचा निरोप होता : "हजर, सर. कांदा जास्त झाला जी."

सर दुसऱ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली.