साहेबांच्या सहीची काच

गाडीची काच खाली घेणे ही क्रिया वरवर क्षुल्लक वाटते, पण माणसाचा दर्जा तिच्यावरूनच ठरतो. दांडी फिरवून काच उतरवणारा कष्ट करतो; बटण दाबून उतरवणारा निर्णय घेतो. म्हणूनच आमच्या कार्यालयाने उपसंचालकांसाठी विजेवर चालणाऱ्या काचांची गाडी घेतली. (वीज नसेल तेव्हा काय, हा प्रश्न खरेदी समितीच्या तीनही बैठकांत कोणी विचारला नाही. समितीचा सचिव मीच होतो.)

त्या दिवशी भर दुपारी साहेब जेवून आवारात उभ्या गाडीत, मागच्या सीटवर डुलकी काढत होते. ड्रायव्हर बाईसाहेबांचे कपडे शिंप्याकडून आणायला गेला आणि सवयीने बाहेरून कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून गेला. फोन मात्र गाडीतच विसरला. तेवढ्यात बॅटरी बसली.

मागची दारे आतून उघडत नव्हती. त्यांना मुलांसाठीचा खटका लावलेला होता, कारण ही गाडी सकाळी साहेबांच्या नातवंडांना शाळेत सोडण्याचे कार्यालयीन काम करते. साहेब जागे झाले. त्यांनी बटण दाबले. मग जोरात दाबले. मग ‘मी कोण आहे ठाऊक आहे का’ अशा चेहऱ्याने दाबले.

साहेब काच बडवताहेत, ही बातमी पाणी भरणाऱ्या मावशींनी आणली. कार्यालयातले आम्ही अकराही जण खाली धावलो. हेडक्लार्कांनी तत्परता दाखवून गाडीच्या टपावर छत्री धरली.

समोरच्या गॅरेजातून मेकॅनिक आला. त्याने सांगितले, की दाराचा आतला पॅड काढून मोटरचे नट सैल केले की काच हाताने खाली येते. दहा मिनिटांचे काम. फक्त त्यासाठी आत जावे लागते. बॅटरीला वीज द्यायची तर बॉनेटचा खटकाही आतच. तेव्हा फोडू का?

फोडायला मंजुरी लागते. मंजुरी देण्याचा अधिकार उपसंचालकांचा. मी टिपणी लिहून काचेला लावून धरली. साहेबांनी घाम पुसत ती वाचली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. मी ‘मंजूरी’ लिहिले होते. टिपणी पुन्हा टाइप करून आणण्यात चौदा मिनिटे गेली. (शुद्धलेखनाबाबत आमच्या कार्यालयाचा लौकिक मोठा आहे.)

आता सही. कागद आत जाईना, म्हणून साहेबांनी घामेजल्या बोटाने आतून काचेवरच सही केली. मेकॅनिकने हातोडी उचलली, तशी हेडक्लार्कांनी त्याचे मनगट धरले. सही झालेली वस्तू दस्तऐवज होते, आणि दस्तऐवज फोडता येत नाही.

साहेबांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला होता. मेकॅनिक माझ्या कानाशी म्हणाला, “मधून पुढं आले तर पुढचं दार आतून उघडतंय की.”

हे आम्हाला ठाऊक होते. पण पुढची सीट म्हणजे ड्रायव्हरची सीट. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत साहेब कधी पुढे बसलेले नाहीत. त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर जा असे सांगायचे, तर ते वरिष्ठांनी सांगायला हवे, आणि वरिष्ठ परदेश दौऱ्यावर होते. आम्ही छत्री जरा तिरकी केली.

मावशींनी हातातला जग खाली ठेवला आणि काचेला तोंड लावले. “साहेब, मधून पुढं सरका. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. लाज नंतर बाळगा.”

साहेब सरकले. दोन सीटच्या मध्ये काही काळ अडकले. तेवढा वेळ आम्ही आदराने पाठ फिरवून उभे राहिलो. शेवटी ते बाहेर आले, दोन पेले पाणी प्यायले, आणि हे सांगितले कोणी, असे त्यांनी विचारले. आम्ही सर्वांनी मावशींकडे बोट दाखवले.

पुढचे सारे नियमानुसार झाले. मंजुरी मिळालेलीच होती, म्हणून काच काढण्यात आली; न फोडता, मेकॅनिकच्या पद्धतीने. ती फडक्यात गुंडाळून अभिलेख कक्षात ठेवली आहे. घामाची सही वाळून गेली. परंतु ती स्पष्ट दिसते, असे आम्ही अकरा जणांनी सह्यांनिशी लिहून दिले आहे.

मावशींना ज्ञापन मिळाले. आरोप तीन: वरिष्ठास कनिष्ठाच्या आसनाकडे जाण्यास सांगणे, कामाच्या वेळी जग खाली ठेवणे, आणि ‘लाज’ या शब्दाचा वापर. मावशींनी कोणाकडून तरी दोन ओळी लिहून घेतल्या: “माणूस आत गुदमरत होता. कोणी बोलेना, म्हणून मी बोलले.” खुलासा विहित नमुन्यात नसल्याने परत गेला. बाजूने बोलणारा साक्षीदार आणा, असे त्यांना कळवले आहे. आमच्यापैकी कोणाला वेळ नाही.

वाचकहो, आपण मात्र सगळे पाहिलेत, अगदी पहिल्यापासून. चौकशी सोमवारी अकरा वाजता आहे. आपले नाव, पत्ता आणि आपल्या साहेबांचे नाव कळवावे, म्हणजे त्यांनाही पत्राची प्रत पाठवता येईल.

नाही ना जमत? हरकत नाही. आमच्या अकरा सह्यांखाली जागा आहे.